दिसली म्हण

त्यागराजनगर, बंगळूर
३० मार्च १९९७

प्रिय अक्का,

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार ते मला माहीत नाही. जे कोणी वाचत असतील त्यांना नमस्कार. शक्यतो खोलीत दुसरं कोणी नसताना वाचावं, एवढी विनंती.

कन्नडमध्ये लिहिलं असतं तर हात भराभर चालला असता. पण पुण्यात कन्नड वाचणारं माणूस तू कुठून आणणार? म्हणून मराठीत लिहिते आहे. चुका होतील. पत्ता अप्पा गेले तेव्हा तू पाठवलेल्या कार्डावरचा. त्याला सहा वर्षं झाली. कार्डावरचं अक्षर तुझं नव्हतं. त्यावरूनच मला समजलं की आता तुला लिहिताही येत नाही. अजून त्याच अंधशाळेच्या वसतिगृहात असशील असं धरून चालले आहे.

लिहायला तसं कारण काही नाही. इथे सगळे ठीक आहेत. ह्यांचं चिकपेटचं कापडाचं दुकान चाललं आहे. मामी आहेत, गुडघे दुखतात म्हणतात, पण गच्चीवर सगळ्यांच्या आधी पोचतात. सासू झाल्या तरी माझ्या तोंडी मामीच बसलं आहे. फेब्रुवारीत ह्यांच्या धाकट्या भावाचं, संतोषकुमारचं लग्न झालं. मुहूर्त सकाळी अकराचा. भटजींनी दोघांना भर उन्हात हॉलच्या दारात उभं केलं आणि वर बोट करून अरुंधती दाखवली. दिसली का? दिसली. मागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांनी पण दिसली म्हटलं. रक्षिता माझ्या पुढेच होती, तीही म्हणाली. हसू झालं. मला तुझी आठवण आली होती. तेव्हा लिहिलं नाही.

रक्षिता अकरा वर्षांची आहे, सहावीत. तू तिला पाहिलेलं नाहीस. 'पाहिलेलं' खोडणार होते, राहू दे.

सध्या आम्ही सगळे संध्याकाळी गच्चीवर असतो. पश्चिमेला धूमकेतू आला आहे, तुझ्या कानावर आलं असेलच. मामी त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात आणि पोरीला दाखवू नको म्हणून सांगतात, मग स्वतः सर्वांत जास्त वेळ बघत बसतात. गच्चीवरच्या खोलीत आम्ही अजित नावाच्या पुण्याच्या एका गृहस्थांना भाड्याने ठेवलं आहे. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, एकटेच असतात. त्यांच्याकडे दुर्बीण आहे आणि एक वही आहे. रोज संध्याकाळी दुर्बिणीतून किती तारे मोजता आले ते लिहितात. बंगळूरच्या उजेडात सप्तर्षी पुरे दिसले तरी मोठी गोष्ट, असं म्हणतात. रस्त्याचा दिवा हाताने झाकायचा, आणि दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. "दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात, वहिनी. मग बघा, एकेक तारा पॉप अप होतो."

रक्षितालाही धूमकेतू दिसला. लगेच दिसला. मी बोट पुरतं वर करायच्या आत दिसला म्हणाली.

तुला एक विचारायचं होतं, सहज. लहानपणी तुला पहिल्यांदा कधी कळलं? किती वर्षांची होतीस? सुरुवात कशाने झाली? सवडीने कळव.

तुझी
रूपश्री


१० एप्रिल १९९७

अक्का,

उत्तर नाही. पत्र पोचलं की नाही तेही कळायला मार्ग नाही.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की रक्षिताला धूमकेतू लगेच दिसला. त्यातलं 'लगेच' तेवढं खरं आहे.

शाळेत चित्र काढायला सांगितलं होतं, 'मी पाहिलेला धूमकेतू'. तिने सुंदर काढलं. निळं आकाश, पिवळा गोळा, आणि गोळ्याखाली लांब शेपूट. दिवाळीचं रॉकेट वर जातं तसा धूमकेतू. दहापैकी नऊ मार्क. अक्का, याची शेपूट वर आहे. डोकं खाली, शेपूट वर, रोज तसंच. ज्याने एकदा पाहिलं तो ते चुकत नाही. नऊ मार्क देणाऱ्या बाईंनीही पाहिलेला नसणार.

मी चित्र कपाटात ठेवलं. कोणाला काही बोलले नाही.

परवा युगादी झाली. काल चंद्र बघायचा दिवस. आपल्याकडेही अप्पा बघायला लावायचे, आठवत असेल. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कोर बघायची आणि मोठ्यांच्या पाया पडायचं. काल कोर आणि धूमकेतू दोन्ही पश्चिमेलाच होते, म्हणून शेजारच्या गंगव्वाही सुनेला घेऊन आमच्या गच्चीवर आल्या. आमच्या गच्चीला तीन बाजूंनी कठडा आहे. मागच्या बाजूला नाही. वरचा मजला चढवायचा म्हणून ती बाजू तशीच सोडली आहे, सळया उभ्या आहेत.

साडेसहाला सगळे वर आलो. रक्षिताने चंद्र दिसला म्हणून सांगितलं आणि मामींच्या पाया पडायला वाकली. मामी म्हणाल्या, "थांब की. कुठं दिसला दाखव बघू." तिने हात वर केला. हात नारळाच्या झाडाकडे गेला. मामी म्हणाल्या, "ते झाड हाय बाई." सगळे हसले, तीही हसली. मी पण हसले.

साडेसात वाजता करंट गेला. सगळी गल्ली, सगळं त्यागराजनगर एकदम काळं. गंगव्वा ओरडल्या, "अय्यो, नोडी, नोडी!" बघा, बघा! अजित टाळ्या वाजवत होते. "यासाठी तर मी देव पाण्यात ठेवले होते! दिवे गेले, आता खरं आकाश!" आणि खरंच, अक्का, दिवे गेल्याबरोबर आकाश खाली आल्यासारखं झालं. धूमकेतूची शेपूट वीतभर लांब झाली. मी वर बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला एक मिनिटच वाटलं.

मग मला रक्षिताचा आवाज आला. "दिसला, दिसला, मस्त दिसतोय." आवाज मागून येत होता.

धूमकेतू पुढे होता. ती मागच्या बाजूला तोंड करून चालत होती. दोन्ही हात पुढे, कमरेच्या उंचीवर, बोटं पसरलेली. तोंडाने दिसला, दिसला म्हणत होती आणि हात कठडा शोधत होते. त्या बाजूला कठडा नाही.

मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती आवाजाकडे वळली असती की दचकली असती, मला ठरवता आलं नाही. मी धावले आणि तिची वेणी धरली. हाताला वेणीच लागली. तिच्या पुढे दीड पाऊल गच्ची उरली होती. मी आज सकाळी मोजली.

"आई, दुखतंय की," ती म्हणाली.

कोणाला कळलं नाही. सगळ्यांची तोंडं वर होती. करंट आला तेव्हा ती माझ्या हाताला धरून उभी होती. अजित आमच्याकडे बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हिला संध्याकाळी दिसायला काही प्रॉब्लेम आहे का?"

मी म्हटलं, "एकदम दिवे गेले ना. डोळे दिपलेले असतात."

"दिवे जाऊन पंधरा मिनिटं झाली होती," ते म्हणाले.

मी तिला खाली घेऊन आले. जिन्यात तिचा हात भिंतीवरून सरकत होता. तुझा सरकायचा तसा. मी इतकी वर्षं तिच्या पुढे जिना उतरते आहे. मागे वळून कधी बघितलंच नव्हतं.

किती वर्षांची होतीस तेवढंच लिही. बाकी काही नको.

रूपश्री


१८ एप्रिल १९९७

अक्का,

माझी झोप गेली आहे. दुपारी सगळे बाहेर असताना लिहिते आहे.

मी एक वाईट गोष्ट करते. संध्याकाळी पॅसेजमधला दिवा लावत नाही आणि मधोमध स्टूल ठेवते. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिला पाणी आणायला सांगते. पहिल्या दिवशी आपटली. दुसऱ्या दिवशी आपटली. तिसऱ्या दिवशी स्टुलाच्या अलीकडे थांबली, हात लावून बघितलं आणि वळसा घालून गेली. मला एवढा आनंद झाला. मग लक्षात आलं की तिला स्टूल दिसलं नव्हतं. ते तिथे असतं एवढं तिने पाठ केलं होतं. आमच्या घरातल्या सगळ्या वस्तू तिने अशाच पाठ केल्या असतील. म्हणून इतकी वर्षं काही कळलं नाही. आणि गल्लीत दिवा, कोपऱ्यावर दिवा, दुकानांचे दिवे. या गावात रात्री कोणी अंधारात नसतंच. लोक म्हणतात दिव्यांनी तारे घालवले. माझ्या मुलीला या दिव्यांनी लपवून ठेवलं.

दहा मिनिटं थांबून बघितलं. अजित सांगतात तसं, दिव्याकडे पाठ करून. वीस मिनिटं थांबलो. चाळीस. डास चावत होते. ती म्हणाली, "आई, आणि किती वेळ?" मी विचारलं, "दिसतंय का काही?" ती म्हणाली, "हो." मी काय ते विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

मंगळवारी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. हे आणि मामी दोघंही बरोबर आले. ह्यांना मी एवढंच सांगितलं होतं की चष्मा लागला असावा. डॉक्टर तरुण आहेत, कन्नडमध्ये शांतपणे बोलतात. डोळ्यांत थेंब घातले, अंधारी खोली केली, बराच वेळ आत बघत राहिले. मग विचारलं, "नवरा-बायको नात्यातले का?"

मामी म्हणाल्या, "होय की. नणंदेची पोर केली मी."

"घरात कोणाला असा त्रास? रात्री न दिसण्याचा? कोणी अंध?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मामींनी माझ्याकडे बघितलं. दोघांनाही तू माहीत आहेस, अक्का. पण आमच्या घरात तुझं नाव पंधरा वर्षांत कोणी घेतलेलं नाही. पहिलं कोण घेणार, असं तिघंही थांबलो होतो. रक्षिता स्टुलावर बसून डोळे चोळत होती.

मी म्हटलं, "इल्ला, सर." नाही, कोणी नाही.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, मग आधी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन बघू. गाजर, पालेभाज्या. तीन महिन्यांनी या. घरात कोणी असतं तर वेगळा विचार करावा लागला असता.

ती रोज एक गोळी घेते. मी तिला पाण्याचा पेला देते. गोळी कशाची ते तिला माहीत नाही. ती कशाचीच नाही हे मला माहीत आहे.

रूपश्री


२४ एप्रिल १९९७

अक्का,

जे कोणी वाचत असतील, पुढचं वाचताना थांबू नका. मला परत लिहिता येणार नाही.

तुझ्या लग्नाचा मुहूर्त गोरज होता. मे महिना, एकोणऐंशी. तू वीस वर्षांची, मी पंधरा. आई सकाळपासून एकच गोष्ट सांगत होती, तिच्या डाव्या हाताला राहा. आपलं ठरलेलं होतं. मी हात एकदा आवळला की पायरी. दोनदा आवळला की समोर कोणी आहे, नमस्कार कर. तू किती सुरेख केलंस सगळं. मुलाकडच्या बायका म्हणत होत्या, मुलगी किती खाली बघून चालते.

सप्तपदी झाल्यावर भटजींनी दोघांना बाहेर मैदानात आणलं. अंधार पडला होता. त्यांनी उत्तरेकडे बोट केलं आणि विचारलं, "अरुंधती दिसली का?" तू गप्प. दिसली म्हणण्याची खूण आपण ठरवलीच नव्हती. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भटजींनी परत विचारलं. तुझ्या सासूबाई पुढे सरकल्या. तेव्हा मी तुझ्या मागून हात घातला, तीनदा आवळला, आणि कानात म्हटलं, "दिसली म्हण."

तू म्हणालीस, "दिसली."

मी वर बघितलं होतं, अक्का. आकाशात ढग होते. उत्तरेला एक तारा नव्हता. नवरदेव तुझ्या आधी दिसली म्हणाले होते. भटजींना दिसत होती. तुझ्या सासूबाईंनाही दिसली. त्या मैदानात त्या दिवशी सगळे खोटं बोललो. त्यातलं तुझं एकटीचं पकडलं गेलं.

आठ महिन्यांनी ते तुला परत घेऊन आले तेव्हा पडवीत बारा माणसं बसली होती. तुझे सासरे म्हणाले, देवाब्राह्मणांसमोर खोटं बोलली, अरुंधती दिसली म्हणाली. अप्पांनी सगळ्यांदेखत तुला विचारलं, "माझ्या, या सुब्बारावाच्या घरात असं शिकवलं का तुला?" तू म्हणालीस, "रूपीला विचारा." मला हाक मारली. मी दारातच होते. अप्पांनी विचारलं, "तुला माहीत होतं का?"

मी 'नाही' म्हटलं.

तू माझ्याकडे बघितलंस. तेव्हा तुला दिवसा थोडं दिसत होतं. माझं तोंड दिसलं असेल का, हा प्रश्न मी सतरा वर्षं स्वतःला विचारते आहे. दिसलं नसावं, असं ठरवून बसले होते.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू पुण्याला निघून गेलीस. आपल्या घरावर शिक्का बसला. माझ्यासाठी बाहेरचं एकही स्थळ आलं नाही. तीन वर्षं वाट बघितली. शेवटी मामाच म्हणाला, पोर घरातलीच, आमच्याकडे द्या. मामींच्या मनात नव्हतं. आणि त्या मंगळवारी तो डॉक्टर विचारतो, नात्यातले का?

मी तिथे खुर्चीवर बसून उलटं मोजत गेले. रक्षिताचे डोळे. माझं मामाकडे लग्न. पडवीत म्हटलेलं ते 'नाही'. मैदानात तीनदा आवळलेला हात. कुठेही तुकडा पडत नाही, एक धागा आहे.

पण तुला पत्र लिहिण्याचं कारण पश्चात्ताप नाही. तसं म्हटलं तर तेही खोटं होईल. पश्चात्ताप असता तर सतरा वर्षांत केव्हाही लिहिलं असतं. मला भीती वाटते म्हणून लिहिते आहे. संध्याकाळ व्हायला लागली की मी घड्याळ बघते. साडेसहा वाजतात, खालच्या दुकानांचे दिवे लागतात, रक्षिता गच्चीवर जाऊ या म्हणून मागे लागते. तिला वर जायला आवडतं. सगळे जिथे असतात तिथे तिला असावंसं वाटतं. मी तिचा हात धरून वर जाते आणि कोणी काही विचारलं की माझी बोटं आपोआप तिचा हात आवळतात. तिला ती खूण कोणी शिकवलेली नाही. तरी ती दिसला म्हणते.

रूपश्री


६ मे १९९७

प्रिय अक्का,

तुझं कार्ड शनिवारी आलं. नीलिमा नावाच्या कोणी लिहिलं आहे, वाचतही त्याच असतील. नीलिमाबाई, तुमचं अक्षर छान आहे. एवढं सगळं वाचावं लागलं त्याबद्दल माफ करा.

कार्डावर तीनच वाक्यं आहेत. पत्रं मिळाली. मी नऊ वर्षांची होते. तू सगळ्यांना विचारलंस, मुलीला काय विचारलंस ते लिही.

मी तुझी तिसरी ओळ दिवसभर घेऊन फिरले. खरंच, मी स्टूल ठेवलं, वेळ मोजला, डॉक्टरांकडे नेलं, वेणी धरली. तिला फक्त दिसतंय का एवढंच विचारत आले. दिसतंय का या प्रश्नाला आपल्या घरात एकच उत्तर आहे.

रविवारी अजितनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. धूमकेतू आता खूप खाली आणि पुसट झाला आहे, दुर्बिणीशिवाय धड दिसत नाही.

"रक्षिता, आज शेवटचा चान्स हं," अजित म्हणाले. "पुढच्या आठवड्यात हा गेला. परत यायला दोन-अडीच हजार वर्षं."

मामी म्हणाल्या, "तवर कोण ऱ्हातंय बा. बघून घ्या की आत्ताच."

हे दुकानातून लवकर आले होते, पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. अजितनी दुर्बीण रक्षिताच्या डोळ्यांना लावली, कोपर धरून दिशा दिली. "दिसला?"

तिचा डावा हात माझ्या हातात होता. माझी बोटं निघाली होती. मी ती थांबवली. हात सोडला नाही, आवळलाही नाही. तिला ते कळलं असावं, कारण ती नेहमीसारखी लगेच बोलली नाही.

मी म्हटलं, "दिसला की नाही ते सांगू नको. काय काय दिसतंय ते सांग."

तिने दुर्बीण खाली केली. "खाली दुकानाचा दिवा. त्याच्या बाजूला आणि एक दिवा. बस जातीय तिचे दोन दिवे."

"आणि वर?"

"वर काळं."

"आणखी काही? बारीक ठिपके, धुरासारखं काही?"

ती माझ्याकडे वळली. म्हणजे माझ्या आवाजाकडे. "आई, तुम्हाला सगळ्यांना खरंच दिसतं?"



"मला वाटलं असं म्हणायचं असतं," ती म्हणाली. "संतूकाकाच्या लग्नात म्हटलं तसं. भटजींनी ऊन होतं तिकडे बोट केलं आणि सगळे दिसली म्हणाले. तू पण म्हणालीस. तिथे तर काहीच नव्हतं."

मामी घाईने म्हणाल्या, "अगं, केवढा उजेड हाय दिव्यांचा. कुणाला काय दिसतंय? चला खाली, जेवायला चला."

"अजितकाकांच्या वहीत तारे आहेत," रक्षिता म्हणाली. "काल एकशेदहा. मला वाटलं, ते गोष्ट लिहितात." मग ती रागावली. अक्का, मला वाटलं होतं ती रडेल. ती रागावली. "मग मला कोणी सांगितलं का नाही, की खरंच असतात म्हणून?"

मी तिथे, सगळ्यांसमोर, तुझं नाव घेतलं. म्हटलं, "तुझी एक मावशी आहे. कल्पना. तिलाही तारे दिसत नसत. तिलाही आम्ही सांगितलं नाही." मामी जिन्याकडे निघाल्या होत्या त्या थांबल्या. ह्यांनी मान खाली घातली. मग ते टाकीपासून निघाले, चालत मागच्या बाजूला गेले, जिथे कठडा नाही तिथे उभे राहून खाली बघत राहिले. बराच वेळ. काल सकाळी विटा आल्या. आज गवंडी काम करतो आहे, त्याच्या थापीचा आवाज ऐकत हे लिहिते आहे.

काल आम्ही दोघं परत डॉक्टरांकडे गेलो. मी म्हटलं, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. त्यांनी जुना कागद काढला, 'कोणी नाही' लिहिलं होतं त्यावर रेघ मारली आणि नाव विचारलं. मी सांगितलं. कल्पना, माझी सख्खी बहीण, वय अडतीस. नवव्या वर्षी सुरुवात. आता काहीच दिसत नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं. गोळ्या बंद केल्या. मोठ्या दवाखान्यात एक तपासणी आहे, पुढच्या आठवड्यात नेऊ. तेच असण्याची शक्यता जास्त आहे म्हणाले. उपाय नाही. किती वर्षं, ते सांगता येत नाही. तुझी किती झाली ते मला मोजता येतं, पण मी त्यांच्यासमोर मोजलं नाही.

भीती गेलेली नाही. कमीही झालेली नाही. आधी ती माझ्या एकटीकडे होती, आता घरात सगळ्यांकडे आहे. रक्षिता तेवढी त्या भीतीतून ये-जा करते. काल संध्याकाळी तिने मला धूमकेतू कसा असतो ते विचारलं. मी म्हटलं, ओल्या पाटीवर खडूने ठिपका द्यावा आणि बोटाने वरच्या बाजूला पुसावा, तसा. "वरच्या बाजूला?" ती म्हणाली. मग कपाटातून चित्र काढलं, उलटं धरून बघितलं आणि म्हणाली, "असं धरलं की बरोबर आहे."

तू मला माफ करावंस म्हणून मी काही मागत नाही. पण आत्ता ती माझ्या शेजारी बसली आहे आणि तिला तुला एक विचारायचं आहे. मी तिला म्हटलं, मला सांग, मी शिकवते. ती म्हणाली, तुला काय माहीत, तुला दिसतं. म्हणून तिच्या शब्दांत लिहिते:

मावशी, करंट गेल्यावर जिना उतरताना पायऱ्या मोजायच्या का भिंत धरायची? आमच्याकडे अठरा आहेत. शेवटची एक लहान आहे.

उत्तर तिच्या नावाने पाठव.

रूपी